मास्तरांचे दहा, माझ्या नजरेतून

५ जानेवारी, रविवार, सकाळी ११

शिसारी आली. वर्ष सुरू होऊन पाच दिवस झाले नाहीत तोवर शिसारी.

फिल्म सोसायटीचा सेक्रेटरी पत्रक देऊन गेला. मास्तर पुढच्या महिन्यात ऐंशीचे होतात. त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते स्वतः आमच्या हॉलमध्ये येणार. बाकी जग त्यांना थोर दिग्दर्शक वगैरे म्हणतं, मी तेहतीस वर्षं नुसतं मास्तर म्हणतो. त्यांना याची कल्पना नाही, पण आता होईल. प्रत्येक सभासदाने मास्तरांचे आपले आवडते दहा सिनेमे कारणांसह लिहून द्यायचे. ज्याची यादी कमिटीला पसंत पडेल, तो स्टेजवर मास्तरांशेजारच्या खुर्चीत बसून दहा मिनिटं बोलणार.

खुर्ची माझी. प्रश्नच नाही. शिसारी आली ती 'प्रत्येक सभासदाने' या शब्दांची. म्हणजे डेंटिस्टनेही. दिवसभर लोकांच्या किडलेल्या दाढांत डोकावायचं आणि संध्याकाळी सौंदर्यावर बोलायचं. घरी भिंतीएवढा टीव्ही. मास्तरांचे सगळे छत्तीस सिनेमे पाहिलेत म्हणे, दोन-दोनदा. सोफ्यावर लोळत! मी एकोणीस पाहिलेत. पण थेटरात.

ठराव: १. यादी आठ दिवसांत पूर्ण. २. डेंटिस्टशी बोलणे बंद. ३. रोज आरशासमोर उभं राहून भाषणाची प्रॅक्टिस. आजच नको, आज रविवार आहे.

८ जानेवारी

कारखाना. पट्ट्यावरून टाइल्स सरकतात, वर ट्यूबलाइट, मी मान तिरकी करून बघतो. केसाएवढा तडा, टाचणीच्या टोकाएवढा फोड, काठाचा उडालेला टवका. सापडलं की उचलायचं आणि सेकंड्सच्या ढिगात. अठ्ठावीस वर्षं हेच. नवीन सुपरवायझर म्हणाला की पुढच्या वर्षी हे काम कॅमेरा करणार. त्याच्या शर्टावर चहाचा डाग होता. तो त्याच्या कॅमेऱ्याला दिसला असता का, असं विचारणार होतो. विचारलं नाही. लायकी पाहून बोलावं.

मुद्दा असा की जी नजर टाइलला, तीच सिनेमाला. खोट माझ्यापासून लपत नाही. आणि मास्तरांमध्ये मला तेहतीस वर्षांत एक खोट सापडलेली नाही. यावरून मास्तर काय आहेत ते कळावं. आणि मी.

१२ जानेवारी, रविवार

यादीला हात घातला.

क्रमांक सात: बोगद्यावाला. (पोस्टरवरची नावं मी वापरत नाही, ती प्रोड्यूसर लोक ठेवतात.) बोगदा खणणाऱ्या मजुरांची गोष्ट. अख्खा सिनेमा अंधुक. चेहरे दिसत नाहीत. बोगद्याबाहेर भर दुपारी लग्न लागतं तिथेसुद्धा अंधार! म्हणजे काय, तर बोगदा माणसाच्या आत असतो. अर्धं थेटर शिट्ट्या मारत होतं. मला घाम फुटला होता.

क्रमांक चार: वकीलवाला. अडीच तास खटला. न्यायाधीश निकाल द्यायला तोंड उघडतो आणि सिनेमा खलास. लोक खुर्च्या आपटत बाहेर पडले. मूर्ख. निकाल आपण द्यायचा, एवढंही कळेना.

हे मोठ्याने वाचत होतो. खिडकीपाशी सासरेबुवा. तीन वर्षांपासून आमच्याकडे असतात. मी हे सिनेमे पाहिले त्याच थेटरात आयुष्यभर प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर. मास्तरांचे सिनेमे या माणसाने स्वतःच्या हाताने मशीनवर चढवले, आणि कळला एकही नाही. एकदा मी विचारलं होतं, वकीलवाला कसा वाटला. म्हणाले, फार जड. मला आनंद झाला. मग कळलं की ते डब्यांच्या वजनाबद्दल बोलत होते.

आज मध्येच म्हणाले, जावईबापू, त्या बोगद्याच्या वेळची एक गंमत आहे, कार्बन... मी हात वर केला. मला तांत्रिक माहितीचा वीट आहे. बिचारे टेबलफॅनचा स्क्रू आवळायला लागले.

आठ दिवसांत यादी: उद्या आठ दिवस होतात. दोन झाले. वेग चांगला आहे.

१५ जानेवारी

क्रमांक तीन: बहिणींवाला. दोन बहिणी घराच्या वाटणीवरून भांडतात. आठ मिनिटं ओठ हलतात, आवाज अजिबात नाही. पडद्यावर भांडण आणि थेटरात शांतता. नंतर एकदम आवाज येतो तो दार आपटल्याचा! जगात कुठल्या दिग्दर्शकाने हे केलंय?

संध्याकाळी डेंटिस्ट रस्त्यात भेटला. बोलणे बंद असल्याने फक्त वीस मिनिटं बोललो. तो म्हणाला, बहिणींच्या भांडणातले संवाद काय जबरदस्त आहेत. संवाद! छत्तीस सिनेमे दोनदा पाहून हा माणूस स्वतःच्या मनाचे संवाद ऐकतो.

१९ जानेवारी, रविवार, दुपारी

क्रमांक एक. जिन्यावाला. यावर घाईने लिहिणं म्हणजे पाप.

एक आई, एक मुलगा. मुलगा वरच्या मजल्यावर, आई खाली. बोलणं बंद. मध्ये लाकडी जिना. अर्ध्यावर आई मरते. घर माणसांनी भरतं, तिला नेतात, घर रिकामं होतं. आणि पुढच्या क्षणाला आई स्वयंपाकघरात उभी राहून कांदा चिरते आहे.

खुलासा नाही, स्वप्न नाही, धूसर कडा नाहीत. कांदा. पुढची वीस मिनिटं ती आपली कामं करते. मग ओले हात पदराला पुसत जिन्याखाली येते आणि वर बघून मुलाला हाक मारते. आणि मुलगा जिना उतरून खाली येतो.

बस. मेलेल्या आईने हाक मारली आणि तो आला. त्यानंतर ती दिसत नाही. तिचं काम झालं.

हा सिनेमा मी एका आठवड्यात अकरा वेळा पाहिला. अकराव्या खेळानंतर वर केबिनमध्ये जाऊन ऑपरेटरला म्हणालो की तुम्ही हे जसं दाखवलंत, ते मी कधी विसरणार नाही. तेच सासरेबुवा. मला पाहून घामाघूम झाले होते, तिथे उकाडा फार. मला चहा पाजला, बिस्किटं दिली, पुन्हा या म्हणाले. पुढच्या वर्षी मुलगी दिली.

त्या वर्षी आमची आई गेली होती. मी हॉस्टेलवर होतो, पोचायला उशीर झाला. तो विषय वेगळा. यादीशी संबंध नाही.

२५ जानेवारी

यादी दिली. आठ दिवसांचे वीस झाले, पण कमिटीने मुदत वाढवली. बहुधा माझ्यासाठीच.

देण्याआधी बायकोला वाचून दाखवली. अकरा वेळा पाहिल्याचं ऐकून ती लाजली. तिचा आजवर असा समज की मी त्या आठवड्यात तिच्यासाठी येत होतो, कारण ती बाबांचा डबा घेऊन मॅटिनीला यायची. मी मूग गिळून बसलो. संसारात सगळं स्पष्ट करू नये.

३१ जानेवारी

निवड झाली!!

सेक्रेटरी म्हणाला, तुमची यादी सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, तुम्ही लिहिलेले मुद्दे आजवर कुठल्याच समीक्षकाने लिहिलेले नाहीत. साहजिक आहे. डेंटिस्टने म्हणे हरकत घेतली की बोगद्यावाल्यातलं लग्न लखलखत्या उन्हात आहे, वधूच्या नाकातली चमकी दिसते. सेक्रेटरीने मला विचारलं. मी हसलो. त्याने टीव्हीचा ब्राइटनेस वाढवलाय हे सांगितलं. अंधारालाही उजेड पाडून बघणारी ही माणसं! तिटकारा येतो.

भाषणाची प्रॅक्टिस उद्यापासून.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

डोळा लागला नाही. काल जेवताना कन्येने जाहीर केलं की तिने आजोबांबरोबर जिन्यावाला पाहिला. फोनवर! मास्तर, चार बोटांच्या काचेत.

पुढचं ऐकून तर ताटावरून उठलो. ती म्हणाली, पण बाबा, आई परत येत नाही. आधी ती कांदा चिरते, हाक मारते, मग मरते. मी शांतपणे विचारलं, हे कुठलं व्हर्जन? ती म्हणाली, नवीन साफ केलेली प्रिंट आहे, मूळ निगेटिव्हवरून. सासरेबुवा ताटाकडे बघत बसले होते. म्हणाले, जावईबापू, जरा ऐकता का. मी नाही ऐकलं.

सगळं लख्ख दिसलं. म्हातारपणी मास्तर घाबरले. सामान्य लोकांना कळावा म्हणून स्वतःचा सिनेमा स्वतःच सरळ करून टाकला. अंगाचा तिळपापड झाला. हे कोणीतरी त्यांना तोंडावर सांगितलं पाहिजे.

ठराव: फोनवर सिनेमा कधीही, कोणत्याही परिस्थितीत, कोणाच्याही आग्रहाखातर पाहणार नाही.

६ फेब्रुवारी

मास्तरांना पत्र टाकलं. सहा पानं, रजिस्टर. 'आपण आपल्याच आईला दुसऱ्यांदा मारलंत' हे वाक्य जमलं आहे. मूळ क्रम परत लावावा अशी मागणी केली. नम्रपणे, पण तीनदा.

११ फेब्रुवारी

उत्तर नाही. अपराधी वाटत असणार.

सासरेबुवा परवा पुन्हा आले, भाजी निवडता निवडता म्हणाले की थेटरातल्या डब्यांबद्दल एक सांगायचं राहिलंय, कार्यक्रमाच्या आधी सांगितलेलं बरं. मी म्हणालो, तुम्ही आयुष्यभर डबे उचललेत, डब्यात काय होतं ते मी बघितलंय. ते उठून गेले. बायको दोन दिवस बोलत नाहीये. चहा टेबलावर ठेवते तो आवाज करून. या घरात सिनेमावर बोलायची सोय नाही.

१८ फेब्रुवारी

भाषण लिहून झालं. घड्याळ लावून वाचलं: एक्केचाळीस मिनिटं. काटछाट केली. चव्वेचाळीस.

कारखान्यात तडा गेलेल्या सहा टाइल्स माझ्या पट्ट्यावरून पुढे गेल्या. पुढच्या टेबलवाल्याने परत आणून दिल्या. भाषण पाठ करत होतो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने काहीतरी चिमटा काढला, त्याच्या तोंडी लागलो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८

आज. निळा शर्ट. आरशासमोर प्रॅक्टिस: आज पहिली. उत्तम झाली.

मास्तर पत्राबद्दल बोलतील. मी मोठ्या मनाने माफ करणार. बायको आणि कन्या येणार. सासरेबुवांनीही कोट काढलाय. येऊ द्या. त्यांना काय कळणार, पण खुर्च्या भरतील.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

नाही लिहीत.

२४ फेब्रुवारी

कारखान्याला दांडी. पोटात दुखतं असं कळवलं. खोटं नाही.

स्टेजवर दोन खुर्च्या. एकीत मास्तर. किती लहान दिसतात. हातात काठी, कानात मशीन. दुसरीत मी. तिसऱ्या रांगेत डेंटिस्ट, दात दाखवत. उभा राहिलो. बोगदा, वकील, बहिणी, सगळं सांगितलं. मास्तर पुढे झुकून ऐकत होते. मला वाटलं भारावले. जिन्यावाल्याला आलो. मेलेली आई, कांदा, हाक, आणि खाली येणारा मुलगा.

मास्तरांनी काठी उचलून मला थांबवलं. मला विचारलं, ते सहा पानी पत्र तुमचं का? मी मान झुकवली. मग त्यांनी विचारलं, हा सिनेमा तुम्ही कुठल्या थेटरात पाहिलात?

मी सांगायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, माझ्या. सासरेबुवा उभे होते. कोटाची बटणं वर-खाली लागलेली.

हात जोडून म्हणाले, साहेब, माफ करा. तिसऱ्या आणि चौथ्या रिळाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या आल्या होत्या. पहिल्या दिवशी लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, पण तेव्हा क्रम बदलला असता तर आदल्या दिवशी चुकलो हे मालकाला कळलं असतं. म्हणून आठवडाभर तसंच चालवलं. कोणी तक्रार केली नाही.

मास्तरांनी काठी खाली ठेवली. मग विचारलं, आणि बोगदा? सासरेबुवा म्हणाले, मशीनच्या दिव्याला कार्बनच्या कांड्या लागतात, मालक नवीन आणेना, उरलेल्या तुकड्यांवर दिवा पेटवायचो, उजेडच पडायचा नाही. आणि वकिलाचा निकाल? ते म्हणाले, साहेब, शेवटची बस. शेवटच्या खेळाचं शेवटचं रीळ लावलं असतं तर बस गेली असती. बहिणींचं मास्तरांनी विचारलंही नाही. यांनीच सांगितलं. साउंड बॉक्सला बुक्की मारायला विसरलो होतो.

मास्तर हसायला लागले. इतके, की सेक्रेटरी पाणी घेऊन धावला. मग म्हणाले, माझे एवढे सिनेमे ज्यांनी पुन्हा एडिट केले त्यांना वर आणा. सासरेबुवांना वर आणलं. खुर्च्या दोनच. मी उठलो. तास-दीड तास ते दोघं कार्बन, रीळ, बुक्की यावर बोलत बसले. मी मागे उभा होतो, हातात भाषणाची उरलेली एकतीस पानं. डेंटिस्ट उभा राहून टाळ्या वाजवत होता.

किळस आली. कोणाची ते अजून ठरलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

पेपरात फोटो. मास्तर आणि सासरेबुवा. मधे जे निळं दिसतं ते माझं कोपर.

संध्याकाळी सासरेबुवा माझ्या खोलीत आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, मला वाटलं तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. अकरा खेळ बघणारा मुलगा वर केबिनमध्ये आला, म्हणाला तुम्ही जसं दाखवलंत ते मी विसरणार नाही. माझी तर दातखीळ बसली. नोकरी गेली असं समजलो. पण तुम्ही चहा प्यायलात, खाली गेलात, मालकाला एक शब्द बोलला नाहीत. तेव्हाच ठरवलं, मुलगी द्यायची तर अशा माणसाला. दुसऱ्याची चूक दिसली तरी पोटात ठेवणारा.

बायको मागे येऊन उभी होती. तिने विचारलं, म्हणजे मग अकरा वेळा कशासाठी येत होतात? तिच्यासाठी नाही, हे तिला कळून चुकलं होतं. चूक पोटात ठेवायला नाही, हे सासरेबुवांना कळून चुकलं होतं. मी सांगितलं की मला चूक अर्थातच दिसली होती. एवढी नजर आहे माझी.

ती म्हणाली, मग त्यांना पत्र कशाला लिहिलंत?

मला कारखान्यातल्या उद्याच्या कामाची आठवण झाली आणि मी बाहेर पडलो. कॉलनीला तीन चकरा मारल्या.

२ मार्च, रविवार, दुपारी ४

नवीन यादी करायला घेतली. निष्पक्षपणे. त्यासाठी सिनेमे पुन्हा बघणं भाग आहे, आणि थेटर आता गाद्यांचं दुकान आहे. कन्येने फोन पुढे केला. तपासणी म्हणून बघितला. तपासणीला ठराव लागू होत नाही.

जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला. चौघं.

प्रिंट स्वच्छ आहे. आई कांदा चिरते. हिरव्या बांगड्या आहेत तिच्या हातात, हे मला ठाऊकच नव्हतं. ओले हात पदराला पुसते, जिन्याखाली येते, वर बघून हाक मारते.

कोणी येत नाही.

पुन्हा मारते. मग ती आत जाते. मग मरते. माणसं जमतात, नेतात. तो जिना उतरून खाली येतो तेव्हा घरात कोणी नसतं. तो खाली येतो तो हाकेला नाही. हाक मारून वीस मिनिटं झालेली असतात.

मी म्हणालो, अत्यंत सामान्य सिनेमा. सगळ्यांचं असंच होतं, त्यात दाखवायचं काय? बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, त्या आठवड्यात तुम्ही आईंसाठी येत होतात होय. मी नाही म्हणालो नाही. एकवीस वर्षांचा होतो. मॅटिनीला आई परत यायची आणि तो खाली उतरायचा, दिवसातून दोनदा कधीकधी. दुसरीकडे कुठे जाणार होतो मी?

सासरेबुवांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन ओढून जवळ घेतला आणि नातीला विचारलं, यात रीळ मागेपुढे कसं करतात ते दाखव.

फोनवर सिनेमा न पाहण्याचा ठराव उद्यापासून.